जामीनदार राहिलेल्या बाबांना नोटीस आली आहे, आरोपी तारखेला जातच नाही

सुरंगी

नमस्कार. इथे कायद्यातले आणि कोर्टात काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून लिहितेय. जरा सविस्तर लिहिते.

आमच्या वाडीतल्या शेजाऱ्यांचा मुलगा आंब्याच्या सीझनला टेम्पो चालवायचा. पेट्या भरून निघाला होता, नाक्यावरच्या वळणावर दुचाकीला धडक बसली आणि दुचाकीवाल्याचा पाय मोडला. गुन्हा नोंदला गेला, केस तालुक्याच्या कोर्टात उभी राहिली, 15,000 रुपयांचा जामीन मंजूर झाला आणि एक जामीनदार द्यायला सांगितलं. आमच्याकडचे सातबारे कसे असतात ते सगळ्यांना माहीत आहे. एका गटावर पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, उरलेली मुंबईत. बाबांच्या एकट्याच्या नावावर कलमांची छोटी बाग आहे, म्हणून वाडीत कोणालाही जामीनदार लागला की लोक आमच्याच पडवीत येऊन बसतात. बाबा उभे राहिले.

मुलगा सुरुवातीच्या तारखांना गेला. मग ठाण्याला नोकरी लागली आणि जाणं बंद झालं. आता बाबांना नोटीस आलीय की आरोपी गैरहजर राहिला, तर जामीनपत्राची रक्कम तुमच्याकडून का वसूल करू नये याचा खुलासा करा. मुलाच्या नावे नॉन-बेलेबल वॉरंट निघालंय असं पोलीस पाटलांकडून कळलं. मुलगा फोनवर म्हणतो, "काका, एवढ्याशा केसला कोण विचारतंय." त्याची आई रोज येऊन रडते. तो आला की बेड्या घालतील ही तिची भीती.

बाबांचं वय 68. त्यांना अटक होईल का? बाग जप्त होईल का? आणि त्या मुलाला आणायचं तर कसं, काय सांगून?

---

देवगडचो

सुरंगी, भियां नको. पण त्या झिलाक ताबडतोब आणा. आमच्या घरात ह्या घडलेला आसा म्हणान सांगतंय.

माझो चुलत भाव गोयात बोटीर कामाक होतो. गावात मारामारीची केस. एक तारीख चुकली, मगे दुसरी. घरच्यांनी तेका समन्साचा सांगूकच नाय, कित्याक तर तो काम सोडून येतलो आणि मालक पगार कापतलो. चवतीक तो घराक इलो. गणपती पुजून झाले, आरती चालू होती आणि अंगणात पोलिस. काकी आडवी झाली, हात जोडूक लागली. हवालदारान आरती पुरी होऊक दिल्यान, पण वॉरंट हातात होता, तो तरी काय करतलो? सुट्टीच्या दिवशी मॅजिस्ट्रेटासमोर उभो केल्यानी आणि तेना सावंतवाडीच्या जेलात धाडल्यान. दीड दिवसाचो गणपती आमी तेच्याशिवाय पोचवलो.

पोलिसांका म्हायत असता, मुंबईकार नाय तर गोयकार चवतीक आणि शिमग्याक घराक येतलोच.

---

खाडीपलीकडे

सुरंगीताई, मी जिल्ह्यात बरीच वर्षं फौजदारी वकिली करतोय. कागद न पाहता पक्कं मत देता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

सगळ्यात आधी बाबांचं. ही नोटीस म्हणजे अटक नव्हे. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम 491 खालची ही नोटीस असणार (जुनं कलम 446). आरोपीने जामीनपत्रातली अट मोडली असं कोर्टाने नोंदवलं की ते जामीनदाराला विचारतं, रक्कम भरा किंवा का भरू नये ते सांगा. बाबांची जबाबदारी जामीनपत्रावर लिहिलेल्या रकमेपुरतीच आहे. अपघाताच्या गुन्ह्याशी किंवा दुचाकीवाल्याच्या भरपाईशी तिचा संबंध नाही.

नोटिशीच्या तारखेला बाबांनी स्वतः हजर राहावं आणि वकिलामार्फत लेखी खुलासा द्यावा. आरोपी कुठे आहे, त्याच्याशी काय बोलणं झालं, त्याला आणायचे काय प्रयत्न केले, हे खरं खरं लिहावं आणि त्याला हजर करायला मुदत मागावी. प्रामाणिक जामीनदाराला अशी मुदत बहुतेक वेळा मिळते. रक्कम पूर्ण किंवा काही अंशी माफ करण्याचा अधिकार कोर्टाला त्याच कलमात आहे. आरोपी स्वतःहून आला तर ती माफी मागायला मोठा आधार मिळतो.

बाबा गेलेच नाहीत तर मात्र कोर्ट रक्कम दंडासारखी वसूल करायला घेऊ शकतं. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे वॉरंट पाठवता येतं आणि मग जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते, म्हणजे प्रकरण तहसीलदार-तलाठ्यांमार्फत बागेपर्यंत पोचतं. एवढं करूनही वसूल झालं नाही तर जामीनदाराला 6 महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे. 15,000 रुपयांसाठी गोष्ट तिथवर जाऊ द्यायचं काहीच कारण नाही. नोटीस मिळूनही गप्प बसलेले लोकच या टोकाला पोचलेले मी पाहिलेत. आदेश विरुद्ध गेला तर सत्र न्यायालयात अपील आहे.

आता मुलाचं. "एवढीशी केस" हा त्याचा समज चुकीचा आहे. मूळ केस लहान असेल, पण जामिनावर सुटून सबळ कारणाशिवाय हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम 269 खाली वेगळा गुन्हा आहे. 1 वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कारण सबळ होतं हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याचीच. मूळ गुन्ह्याची शिक्षा आणि जामीनपत्राची जप्ती याशिवायचं हे प्रकरण. प्रत्येक गैरहजेरीला हे कलम लागतंच असं नाही, पण कोर्टाच्या हातात ते आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. त्याचा गुन्हा जामीनपात्र होता म्हणून पहिल्यांदा जामीन हक्काने मिळाला. पण जामीनपात्र गुन्ह्यातही, एकदा तारखेची अट मोडली की त्याच केसमध्ये पुढच्या वेळी कोर्ट जामीन नाकारू शकतं. हक्क होता तो आता विनंतीवर आला.

---

वाऱ्यावरचा

माझं मत वेगळं आहे. तालुका कोर्टांत हजारो केसेस पडून आहेत, पोलिसांकडे माणसं नाहीत. ठाण्यातल्या पोराला शोधायला देवगडातून कोण जाणार? आमच्या ओळखीच्या एकाची केस अशीच बंद झाली, आता कोणी विचारतही नाही. ज्येष्ठ माणसाला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावण्यापेक्षा 15,000 भरून मोकळं व्हावं.

---

शिरस्तेदार (निवृत्त)

वाऱ्यावरचा, तुमचा हेतू चांगला आहे, पण या सल्ल्याने लोकांचं नुकसान होतं. आयुष्य कोर्टाच्या दप्तरात गेलं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आरोपी सापडत नाही म्हणून केस बंद होत नाही, ती बाजूला ठेवली जाते. सुप्त यादीत जाते. रोजच्या बोर्डावर दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं संपली. वॉरंटाला मुदत नसते. ज्या कोर्टाने काढलं ते कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहतं, आणि भारतात कुठेही बजावता येतं. देवगडातून कोणी जायची गरज नाही, वॉरंट ठाण्याच्या पोलिसांकडे पाठवता येतं. मध्येच पोलिसांची प्रलंबित वॉरंटांची मोहीम निघते आणि जुने कागद एकदम बाहेर येतात. लग्न झालेलं, पोरंबाळं झालेली माणसं तरुणपणीच्या भांडणासाठी कोर्टात उभी केलेली मी पाहिली आहेत. त्यातल्या कित्येक केसेस वेळेवर आले असते तर किरकोळ दंडावर सुटल्या असत्या.

वॉरंटानंतरची पायरी त्याहून वाईट. आरोपी फरार आहे किंवा लपून बसलाय असं कोर्टाला वाटलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 84 खाली जाहीरनामा निघतो आणि हजर व्हायला किमान 30 दिवस दिले जातात. तो जाहीरनामा गावात ठळक जागी वाचून दाखवतात, राहत्या घराला चिकटवतात, कोर्टाच्या फलकावर लावतात. वाडीत कोणाच्या घराला असा कागद लागला की त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बाजारात जायची चोरी होते, हे मी पाहिलेलं आहे. त्यापुढे कलम 85 खाली मालमत्तेची जप्ती. जाहीरनाम्यानंतरही न आल्यास 3 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात 'उद्घोषित अपराधी' ठरलेल्याला 7 वर्षांपर्यंत, आणि अशाच्या पाठीमागे खटला चालवून निकाल द्यायची सोय नव्या संहितेत झाली आहे. या मुलाची केस त्या वर्गातली नाही, पण सर्वांनाच माहीत असावं म्हणून लिहिलं.

पैसे भरून मोकळं होण्याबद्दल: बाबांनी रक्कम भरली तरी मुलाचं वॉरंट तसंच राहतं. बाबांचे पैसे जातात आणि मुलगा फरारच.

---

चाकरमानी_ठाणे

मुलगा ठाण्यातच असेल तर मी भेटून बोलायला तयार आहे, सुरंगीताई. गावचा माणूस समोर बसून बोलला की ऐकतात, फोनवर नाही ऐकत.

त्याला पासपोर्टचंही सांगा. आमच्या नात्यातल्या एकाला दुबईची नोकरी लागली होती. केस चालू असताना पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते, आणि वॉरंट निघाल्याचं पासपोर्ट कार्यालयाच्या लक्षात आलं तर असलेला पासपोर्टही ते जप्त करू शकतं. त्याची नोकरी गेली. केस कसली होती? नळाच्या पाण्यावरून झालेलं भांडण.

---

अबोली

मी थोडं वेगळं लिहिते. गैरहजर राहणारा प्रत्येक माणूस बेफिकीर असतो असं नाही.

आमची चेक बाउन्सची केस होती. मिस्टर आजारी, घरात दुसरं कोणी नाही. वकील म्हणायचे "मी सांभाळतो", आम्ही निर्धास्त. एक दिवस पोलीस वॉरंट घेऊन आले तेव्हा कळलं की वकील स्वतःच दोन तारखांना गेले नव्हते. तेव्हापासून मी तारीख स्वतः बघते. ई-कोर्ट्सचं मोबाइल ॲप आहे, त्यात केसचा सीएनआर नंबर (अक्षरं आणि आकडे मिळून 16 चिन्हांचा) टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. हा नंबर प्रत्येकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांकडे असावा.

आणि वकिलाचे पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीत असलेले, यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन 15100. मला तिथूनच वकीलबाई मिळाल्या. वॉरंट रद्द झालं आणि लोक अदालतीत तडजोडही झाली.

---

सुरंगी

सगळ्यांचे खूप आभार. वाचून बाबांना दाखवलं. ते म्हणाले, आपण नोटिशीच्या तारखेला जायचं, शब्द दिलाय तर तोंड लपवायचं नाही.

खाडीपलीकडे दादा, मुलाची आई विचारतेय, तो कोर्टात गेला तर तिथेच धरतील ना? मग गेलाच कशाला? तिला काय सांगू?

आणि बाबांना आता जामीनदारीतून बाहेर पडता येईल का?

---

खाडीपलीकडे

त्या माउलीला खरं सांगा. हमी कोणीच देऊ शकत नाही, पण स्वतःहून आलेला आणि पोलिसांनी धरून आणलेला, या दोघांकडे कोर्ट एकाच नजरेने बघत नाही. हा फरक मी रोज बघतो.

पद्धत अशी. आधी वकील ठरवून कागद तयार ठेवायचे. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, त्यात गैरहजेरीचं खरं कारण आणि त्याला पुरावा असेल तर तो. डॉक्टरचं दाखवण्यापुरतं आणलेलं सर्टिफिकेट जोडू नका. ते उघडं पडलं की खरी गोष्टसुद्धा कोणी ऐकत नाही. खरं कारण मात्र आवर्जून लिहा. जुलै 2024 मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला रुळावर दरड आली आणि कोकण रेल्वे अडकली, किंवा जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा तारीख चुकलेल्याला तिकीट किंवा बातमीचं कात्रण दाखवून कारण सांगता येतं. पण पाऊस ओसरल्यावर महिनोन्महिने गप्प बसायला ते कारण पुरत नाही.

मुलाने सकाळी 11 च्या आधी कोर्टात असावं. शुक्रवारी दुपारी किंवा सणाच्या आदल्या दिवशी जाऊ नये, कारण अर्ज राहिला आणि कोर्टाने कस्टडी दिली तर सुट्ट्या आत जातात. अर्ज दिल्यावर त्याला कोर्टातच बसवून ठेवतील. तो वेळ अवघड असतो, आईने तिथे नसलेलं बरं. साधारणपणे कोर्ट काही रक्कम भरायला लावून वॉरंट रद्द करतं आणि नवीन जामीनपत्र मागतं. समाधान झालं नाही तर काही दिवस आतही जावं लागेल, ही तयारी ठेवून यायचं.

बाबांसाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 489 आहे. जामीनदार कधीही कोर्टाकडे अर्ज करून आपल्याला मोकळं करा म्हणू शकतो. तसा अर्ज आला की कोर्ट वॉरंट काढून आरोपीला समोर आणवतं आणि त्याला दुसरा जामीनदार द्यावा लागतो, नाहीतर तो आत. मुलगा लक्ष देत नाही हे कळलं त्याच दिवशी हा अर्ज करायची सोय होती. जामीनदार राहणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सही करतानाच कोणीतरी सांगायला हवी, पण कोणी सांगत नाही. आता बाकी राहिलेल्या केससाठी तरी बाबांनी मोकळं व्हावं. मुलाकडे एकट्याच्या नावाचा सातबारा असलेलं कोणी नसेल तर जामीनदाराऐवजी रोख रक्कम जमा करायची परवानगी मागता येते. आपल्याकडच्या सामायिक जमिनींमुळे हा रस्ता पुष्कळांना उपयोगी पडतो.

---

काजूबी

मध्येच विचारते, क्षमस्व. माझे आजोबा एकाचे जामीनदार होते, मागच्या महिन्यात वारले. आरोपी अजून तरी तारखेला जातोय. उद्या तो पळाला तर आमच्या जमिनीवर येईल का?

---

शिरस्तेदार (निवृत्त)

नाही. जामीनपत्र जप्त होण्याआधी जामीनदार वारला तर त्याची मालमत्ता त्या जबाबदारीतून मुक्त होते, असं कायद्यातच आहे. मृत्यूचा दाखला जोडून कोर्टाला कळवा म्हणजे आरोपीकडून नवा जामीनदार घेतील. न कळवता राहू नका.

---

सुरंगी

काय झालं ते कळवते, मुद्दाम थोडं सविस्तर.

चाकरमानी दादा ठाण्यात त्याला भेटले, दोन तास बसले. मालकाकडून रजाही त्यांनीच मिळवून दिली. नोटिशीच्या तारखेला बाबा गेले, वकिलांनी मुदत मागितली, ती मिळाली. मुदतीच्या आत मुलगा रात्रीच्या गाडीने आला, कणकवलीला उतरला आणि घरी न जाता थेट कोर्टात. मी बाबांबरोबर गेले होते.

पुकारा झाला, अर्ज दिला, न्यायाधीशांनी वाचला आणि "बसा" एवढंच म्हणाल्या. तो मागच्या बाकावर पोलिसाच्या शेजारी जेवणाच्या सुट्टीनंतरपर्यंत बसून होता. घशाला कोरड पडलेली, पाणी दिलं तर हात थरथरत होता. ज्याला केस एवढीशी वाटत होती तोच हा मुलगा.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. पुढच्या बाकावर एक माणूस काठी टेकवून बसला होता. आधी लक्षात आलं नाही. केसचा पुकारा झाल्यावर तोही उठला. तो दुचाकीवाला. साक्षीचं समन्स मिळाल्यापासून तो येतोय, एसटीने, मजुरी बुडवून. आरोपी नाही म्हणून दरवेळी पुढची तारीख. आम्ही इतके दिवस बाबांची बाग, मुलाची नोकरी, त्याच्या आईची भीती यावरच बोलत होतो. ह्या माणसाचा विचार आमच्या घरात एकदाही निघाला नव्हता. बाबा त्याच्याजवळ जाऊन बसले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

दुपारी न्यायाधीशांनी मुलाला वकिलांना बाजूला ठेवून स्वतः विचारलं, का आला नाहीस? तो म्हणाला, नोकरी जाईल म्हणून. त्या म्हणाल्या, तुझ्यामुळे ह्यांची किती मजुरी गेली ते विचारलंस? त्याने मान खाली घातली. वॉरंट रद्द झालं, पण रक्कम भरायला लावली आणि त्यातली काही साक्षीदाराला खर्चापोटी द्यायला सांगितली. पुढची तारीख जवळचीच दिली, त्या दिवशी साक्ष होणार. बाबांना पूर्ण माफी मिळाली नाही, जामीनपत्रातली थोडी रक्कम भरावी लागली. ती मुलाच्या वडिलांनी त्याच दिवशी बाबांच्या हातात ठेवली. बाबांनी मोकळं होण्याचा अर्ज दिला आणि मुलाच्या मामांनी रोख रक्कम जमा केली.

---

वाऱ्यावरचा

सुरंगी, वाचून बरं वाटलं. जखमी माणसाबद्दल लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. मी ज्या ओळखीच्या माणसाची केस बंद झाली असं लिहिलं होतं, त्याला ॲपवर नंबर टाकून बघायला लावलं. केस बंद नाही, वॉरंट अजून तसंच आहे. खाडीपलीकडे, तुम्हाला वैयक्तिक निरोप केलाय.

---

तांडेल_दाभोळ

माझा प्रश्न जवळचाच आहे. बोटीवरच्या एका खलाशावर गावातल्या भांडणाची केस आहे, जामिनावर आहे. आम्ही एकदा बाहेर गेलो की आठवडा-दहा दिवस किनारा नाही, मोबाइलला रेंज नाही. तारीख मध्येच पडते. त्याला तारीख चुकवायची नाही, पण सीझनला बसवून ठेवला तर घर कसं चालणार? काही कायदेशीर मार्ग आहे का?

---

शिरस्तेदार (निवृत्त)

तांडेल, मार्ग आहे, फक्त तो तारखेच्या आधी वापरायचा असतो.

एका तारखेपुरता प्रश्न असेल तर वकिलाने त्या दिवशी हजेरीमाफीचा अर्ज द्यायचा, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 355. वकील स्वतः कोर्टात हजर हवा आणि कारण लिहिलेलं हवं. तुम्ही तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, म्हणून बोट कधी निघाली, कधी परतणार याचं पत्र द्या, त्याला वजन असतं. त्याच कलमात आता दृकश्राव्य माध्यमातून हजेरीही धरली जाते, पण त्याला कोर्टाची परवानगी लागते, आणि भर समुद्रात रेंज नाही म्हटल्यावर तुमच्या माणसाला तिचा उपयोग नाही.

हजेरीमाफी हा हक्क नाही. दरवेळी तोच अर्ज आला की कोर्ट कंटाळतं आणि वॉरंट काढतं. काही तारखा अशा असतात की त्या दिवशी माणूस स्वतः लागतोच: दोषारोप वाचून दाखवतात तो दिवस, साक्षी संपल्यावर आरोपीचा जबाब घेतात तो दिवस, आणि निकालाचा. त्या दिवशी तो बोटीवर नको, हे तुम्ही मालकालाही आधीच सांगून ठेवा.

आणि वकिलाला सांगा की सीझनचं कारण लिहून कोर्टाला विनंती करा, साक्षीच्या तारखा पावसाळ्यात लावा म्हणून. 1 जूनला मासेमारीबंदी लागली की खलाशी गावातच असतो. सगळीच न्यायालयं ऐकतील असं नाही, पण माझ्या वेळी बऱ्याच न्यायाधीशांनी मच्छीमारांचं हे ऐकलेलं आहे. अर्ज मे महिन्यातच द्या. नारळी पौर्णिमेनंतर दिलात तर त्या वर्षी त्याचा काही फायदा नाही.